सुपरहिरोची थट्टा : प्रौढांसाठीच्या विडंबन-कॉमिक्सचा इतिहास

१. प्रस्तावना

वर्गात सुपरहिरोंचा विषय निघाला की हल्ली बहुतेक विद्यार्थी 'द बॉइज' या मालिकेचे नाव घेतात. ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यातले सुपरहिरो खोटारडे, व्यसनी आणि क्रूर आहेत. एक मोठी कंपनी त्यांना बाजारात विकते आणि त्यांचे गुन्हे झाकते. ही कल्पना मुळात एका कॉमिक्समधली आहे, आणि तिच्या मागे अशा कॉमिक्सची अर्ध्या शतकाहून मोठी परंपरा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सुपरहिरोची बेधडक थट्टा करणारी, मुलांसाठी नव्हे तर प्रौढांसाठी काढलेली कॉमिक्स कशी जन्माला आली, हे या टिपणात आपण पाहणार आहोत. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. भारतात, आणि विशेषतः मराठी माणसाच्या परिसरात, हा प्रकार वेगळ्या वळणाने का गेला? अमेरिकेत विडंबनकाराने मोठ्या नायकाला खाली ओढले. आपल्याकडे त्याने साध्या माणसाला नायकाच्या जागी नेऊन बसवले. हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यामागे कायदा आहे, बाजार आहे आणि आपले नायक मुळात कोण आहेत, हा प्रश्नही आहे.

२. विडंबनाच्या तीन रीती

ज्या गोष्टीवर कोणाचाच विश्वास नाही, तिचे विडंबन होऊ शकत नाही. वाचकाला मूळ गोष्ट पाठ असेल तरच तिची मोडतोड त्याला कळते. सुपरहिरोच्या विडंबनात साधारण तीन रीती दिसतात.

पहिली रीत : शक्ती तीच ठेवायची, स्वभाव बदलायचा. म्हणजे उडणारा, बलाढ्य, पण कोत्या मनाचा नायक.

दुसरी रीत : शक्तीच्या परिणामांचा हिशेब मांडायचा. नायकाने खलनायकाला इमारतीवर आपटले, तर त्या इमारतीतल्या माणसांचे काय झाले?

तिसरी रीत : वेश आणि थाट सुपरहिरोचा, पण आत माणूस भलताच. म्हणजे ज्याला कोणी कधी नायक मानले नसते, असा.

पुढच्या इतिहासात या तिन्ही रीती आपल्याला भेटतील.

३. 'मॅड' आणि आचारसंहिता

सुपरमॅन १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांची ती निर्मिती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुपरहिरो घराघरांत पोहोचले. अशा रीतीने विडंबनाला लागणारा विश्वास तयार झाला.

१९५२ मध्ये हार्वी कुर्ट्झमन यांच्या संपादनाखाली 'मॅड' सुरू झाले आणि १९५३ मध्ये त्याच्या चौथ्या अंकात 'सुपरड्यूपरमॅन' ही कथा आली. लेखन कुर्ट्झमन यांचे, चित्रे वॉली वुड यांची. त्या वेळी सुपरमॅनचे प्रकाशक आणि कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशक यांच्यात नक्कल केल्याच्या आरोपावरून वर्षानुवर्षे खटला चालला होता. कथेत हे दोन्ही नायक नाव बदलून एकमेकांशी मारामारी करतात. लढाई न्यायासाठी नसून धंद्यासाठी आहे, हे वाचकाला लगेच कळते. शेवटी नायिकेला नायकाची खरी ओळख पटते, तरीही ती त्याला झिडकारते. अंगात बळ आले म्हणून माणूस चांगला होत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. ही पहिली रीत.

पुढच्याच वर्षी वारे फिरले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून मुलांच्या बिघडण्याचे खापर कॉमिक्सवर फोडले. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिचा शिक्का नसलेली कॉमिक्स विक्रेते ठेवीनासे झाले. १९५५ मध्ये 'मॅड'ने कॉमिक्सचे रूप टाकून मासिकाचे रूप घेतले. मासिकांना ती संहिता लागू नव्हती. त्यामुळे थट्टा वाचली, पण अमेरिकेत कॉमिक्स हे पुढे अनेक वर्षे मुलांचेच माध्यम मानले गेले.

४. तीच भीती दिल्लीत पोहोचते

ही भीती अमेरिकेपुरती राहिली नाही. ब्रिटिश संसदेने १९५५ मध्ये भयकथांच्या कॉमिक्सविरुद्ध कायदा केला. त्या पाठोपाठ १९५६ मध्ये भारतीय संसदेने 'तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम' संमत केला.

या कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. चित्रांच्या साहाय्याने, चित्रांशिवाय किंवा निव्वळ चित्रांतून सांगितलेल्या ज्या कथांत मुख्यतः गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रसंग रंगवलेले असतील आणि ज्यामुळे तरुण वाचक बिघडण्याचा संभव असेल, ते प्रकाशन हानिकारक. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'तरुण व्यक्ती' कोण? वीस वर्षांखालील. त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते, म्हणून ही मर्यादा कोणाला खटकली नसेल. १९८९ मध्ये मतदानाचे वय अठरावर आले. म्हणजे या व्याख्येने पाहिले तर पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सरकार निवडू शकतो, पण एखादे कॉमिक्स त्याला बिघडवील की काय, ही काळजी मात्र उरतेच.

कायद्यात विनोदाचा किंवा विडंबनाचा वेगळा विचार दिसत नाही. हिंसा रंगवणे आणि हिंसेची टर उडवणे यांतला फरक ओळखण्याचे काम संपूर्ण प्रकाशनाचा परिणाम पाहणाऱ्या न्यायाधीशावर सोडले आहे.

५. वेताळ, नागराज आणि बांकेलाल

भारतात सुपरहिरो आला तो परदेशातून, आणि येताना थोडा दुरुस्त होऊन आला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांचा फँटम मराठी वाचकांच्या घरी 'वेताळ' या नावाने आला. मूळ कथेतल्या बेंगाला देशाचे नाव बंगालशी जुळते, म्हणून इथे ते 'डेंकाली' झाले. समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते, ते 'सिंगा' करण्यात आले. कोणाच्या भावना दुखावू नयेत ही खबरदारी भारतीय कॉमिक्सच्या व्यवहारात अगदी सुरुवातीपासून होती, हे यातून दिसते. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले.

तोवर दिल्लीत दुसरे युग सुरू झाले होते. राज कॉमिक्स या दिल्लीच्या प्रकाशनाने १९८६ मध्ये 'नागराज' आणला. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांनी काढली. दिल्लीचा प्रकाशक, पुण्याचा चित्रकार आणि हिंदी वाचक, अशी ही जुळणी होती. आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतींत वाढलेल्या माझ्या पिढीतल्या मराठी मुलांना हा अनुभव चांगलाच ओळखीचा आहे. सुट्टीत आजोळी गेले की मराठी वेताळ, आणि दिल्लीला परतले की सेक्टरच्या बाजारात भाड्याने मिळणारा हिंदी नागराज. घरी भाषा एक, नायक दुसऱ्याच भाषेतला. पण दोन्हीकडे नायकावरचा विश्वास सारखाच होता.

याच राज कॉमिक्सने 'बांकेलाल'ही काढला. जितेंद्र बेदी यांच्या चित्रांनी त्याला ओळख दिली. बांकेलाल विशालगढचा राजा विक्रमसिंह याचा विश्वासू माणूस समजला जातो. प्रत्यक्षात राजाला मारून गादी बळकवायची हा त्याचा एकच उद्योग. पण शंकराच्या शापामुळे तो जे वाईट करायला जातो त्यातून राजाचे भलेच होते, आणि बांकेलालचा जयजयकार होतो. सुपरहिरोच्या कथेत चांगल्या हेतूला चांगले फळ मिळते. इथे वाईट हेतूला चांगले फळ मिळते, आणि ते मिळाल्याचे दुःख नायकालाच होते. बांकेलाल नागराजची नक्कल करत नाही, पण नायकपणाच्या हिशेबाची मात्र तो पुरती उलटापालट करतो.

राज कॉमिक्सच्या 'फायटर टोड्स'मध्ये तर विडंबनाची साखळीच दिसते. गटारात राहणारे हे लढवय्ये बेडूक अमेरिकेच्या निंजा टर्टल्सवरून आले. आणि १९८४ चे निंजा टर्टल्स स्वतः त्या काळच्या गंभीर सुपरहिरो कॉमिक्सची थट्टा म्हणून सुरू झाले होते.

हे सगळे मुलांच्या हातात देता येईल असे होते. राजकारण, लैंगिकता, पोलीस, पैसा हे विषय त्यात जवळपास नव्हते. ते विषय घेऊन सुपरहिरोचे प्रौढ विडंबन त्याच सुमारास परदेशात जोर धरत होते.

६. 'वॉचमेन'पासून 'द बॉइज'पर्यंत

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे 'वॉचमेन' १९८६-८७ मध्ये आले. ते विडंबन नव्हते, गंभीर चिकित्सा होती. मुखवटा घालून कायदा हातात घेणारी माणसे प्रत्यक्षात कशी असतील, हा त्याचा प्रश्न. १९८७ मध्ये पॅट मिल्स आणि केव्हिन ओनील यांनी 'मार्शल लॉ' काढले. त्याचा नायक सुपरहिरोंची शिकार करणारा सुपरहिरो आहे. चिकित्सेतून आता उघड तिरस्कार आणि हास्य निघाले.

गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचे 'द बॉइज' २००६ मध्ये सुरू झाले. पहिल्याच अंकात दोन महाबलींच्या झटापटीत एका साध्या तरुणाची प्रेयसी त्याच्या डोळ्यांदेखत चिरडून मरते. नायक थांबतही नाही. मागच्या पन्नास वर्षांत सुपरहिरो कॉमिक्सनी जो हिशेब कधी दिला नव्हता, तो इथे मांडला गेला. ही दुसरी रीत. सहा अंकांनंतर डीसी कॉमिक्सने, म्हणजे सुपरमॅनच्याच प्रकाशकाने, हे कॉमिक्स थांबवले. डायनामाइट या दुसऱ्या प्रकाशनाने ते पुढे चालवले आणि २०१२ मध्ये ७२ अंकांवर ते संपले.

प्रयोगशाळेत आपण पोलादाची सळई तुटेपर्यंत ओढतो. ती कुठल्या भाराला तुटते हे कळल्याशिवाय तिच्यावर पूल उभारता येत नाही. 'द बॉइज'ने नायकाच्या कल्पनेवर असाच भार टाकला. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही असा बलवान माणूस चांगला राहील का, हा त्या चाचणीचा प्रश्न होता.

पण या कॉमिक्सचा दोषही सांगायला हवा. त्यात अत्याचार सोसणाऱ्या स्त्रिया अनेकदा फक्त धक्का देण्यापुरत्या येतात. तेव्हा हसू बलवानावर न येता बळी पडलेल्यावर येते. बेधडकपणा हा आपोआप गुण ठरत नाही. तो कोणाच्या विरुद्ध वापरला, यावर त्याची किंमत ठरते.

७. आपल्याकडची अडचण : नायक कोण?

भारतात असे काही का झाले नाही? आपल्याकडे अश्लील किंवा बेअदब लिहायची परंपरा नव्हती, हे उत्तर चूक आहे.

तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि गवळणींची म्होरकी मावशी साक्षात कृष्णाला द्वयर्थी बोलीत ऐकवते. ही मावशी परंपरेने पुरुष कलावंत रंगवतो. छापील मराठीत मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकाची खिडकी-चित्रे आठवा. पानाला पाडलेल्या खिडकीतून काहीतरी भलतेच दिसते. पान उलटले की चित्र अगदी निरागस निघते. चावटपणा चित्रात नसून पाहणाऱ्याच्या मनात होता, असे वाचकाला हसत हसत कबूल करावे लागते.

न्यायालयांनीही हा प्रश्न हाताळला आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. मात्र वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने वेगळी रेघ ओढली. इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा तिच्या संदर्भात अश्लील शब्द घालताना कवीला मिळणारी मोकळीक मर्यादित आहे, असे त्याने म्हटले. माफी मागितलेल्या प्रकाशक आणि मुद्रकाविरुद्धचा आरोप रद्द झाला, कवीला मात्र खटल्यातून सुटका मिळाली नाही.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की अडचण कळते. काकोडकरांची पात्रे कल्पित होती. गुर्जरांचा गांधी कल्पित नव्हता. आणि भारतीय चित्रकथांचे सर्वांत मोठे नायक कल्पित नाहीतच. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ने घरोघरी पोहोचवलेले नायक म्हणजे देव, संत, राजे आणि स्वातंत्र्यसैनिक. अमेरिकेत सुपरमॅनची थट्टा केली तर फार तर प्रकाशकाचा वकील दारात येतो. इथे थट्टेचा विषय कोणाचा तरी देव किंवा दैवत असतो.

मग गवळणीतली थट्टा कशी चालली? तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणेशवंदनेने होते. प्रेक्षक, वेळ, जागा सगळे ठरलेले असते. ही थट्टा भक्तीच्या अंगणातली आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळते. छापलेले पान मात्र आपले अंगण सोबत नेत नाही. ते कोणाच्याही हाती, कुठल्याही क्षणी पडते. आजच्या मोबाइलवर तर चौकट पुढे जातानाच मागची-पुढची पाने गळून पडतात.

८. तिसरी रीत : मावशी, माकड आणि राष्ट्रमन

म्हणून २०१० नंतर इंग्रजी वाचणाऱ्या शहरी तरुणांसाठी प्रौढ भारतीय विडंबन-कॉमिक्स निघू लागली, तेव्हा बऱ्याच जणांनी तिसरी रीत निवडली. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भारतातले पहिले कॉमिक कॉन भरले. छोट्या प्रकाशकांना मोठ्या वितरकाशिवाय थेट वाचक मिळण्याची सोय झाली.

दिल्लीच्या पॉप कल्चर पब्लिशिंगने काढलेला 'मंकीमॅन' २००१ च्या उन्हाळ्यातल्या 'काळ्या माकडा'च्या अफवेवर आधारलेला आहे. त्या मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्या, वीज गेलेल्या दिल्लीत माकडमाणसाच्या भीतीने लोक रात्र रात्र जागले आणि घाबरून छतावरून उड्या टाकून काहींचे जीवही गेले. शहराची ती भीतीच इथे सुपरहिरो झाली. बंगळुरूचे चित्रकार अप्पुपेन यांचा 'राष्ट्रमन' हा देशभक्तीचा थाट मिरवणारा पोकळ महाबली आहे. तो कोणी एक पुढारी नाही. एक वृत्ती अंगात झगा घालून उभी आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची आहे ती मुंबईचे चित्रकार अभिजित किणी यांची 'अँग्री मावशी'. ही २०१२ मध्ये आली. नऊवारी नेसलेली, मुंबईतल्या भ्रष्ट आणि मुजोर लोकांना धडा शिकवणारी ही नायिका. कॉमिक्स इंग्रजीत असले तरी त्याचा श्वास मुंबईच्या बोलीचा आहे.

'मावशी' या शब्दाकडे थोडे थांबून पाहू. महाराष्ट्रात घरकाम करणारी, दवाखान्यात फरशी पुसणारी, शाळेत घंटा देणारी बाई ही 'मावशी' असते. शब्द नात्याचा आणि मानाचा, पण हाक बहुधा काम सांगण्यासाठी. नात्याच्या शब्दाने आपण तिचे कमी वेतन आणि तिचे ऐकून घेणे दोन्ही झाकतो. ही मावशी एक दिवस चिडली तर, हा विचारच विनोदी वाटतो, आणि तो विनोदी का वाटतो, हे स्वतःला विचारले की हसू थांबते. किणी यांनी तमाशातून मावशी घेतली असा माझा दावा नाही. पण गवळणीत कृष्णाला थांबवणारी आणि कॉमिक्समध्ये पुढाऱ्याला थांबवणारी, या दोघी मराठी वाचकाच्या मनात शेजारी उभ्या राहतात.

तिसऱ्या रीतीतही धोका आहे. इंग्रजी वाचणारा सुखवस्तू वाचक नऊवारीतल्या बाईच्या हातात शस्त्र पाहून हसतो, तेव्हा तो पुढाऱ्यावर हसतो की बाईवर? साध्या माणसाला सुपरहिरोचा वेश चढवण्यात त्याचा गौरव होऊ शकतो, किंवा तो नुसता विदूषक होऊ शकतो. चांगले विडंबन कथेच्या ओघातच याचे उत्तर देते.

९. समारोप

अमेरिकी विडंबनाने बलवानाला जमिनीवर आणले, कारण तिथे तो काल्पनिक होता आणि सर्वांना पाठ होता. भारतात मोठे नायक पूज्य किंवा ऐतिहासिक असल्याने विडंबनकाराने नवा नायक घडवला : अफवेतले माकड, पोकळ राष्ट्रमन, चिडलेली मावशी. ही केवळ भित्री पळवाट म्हणता येणार नाही. या मार्गाने ज्यांना कोणी नायक मानले नव्हते, त्यांना पहिल्यांदा पानाच्या मध्यभागी जागा मिळाली. पण पूज्य व्यक्तींच्या नावाने सत्ता गाजवणाऱ्यांची थट्टा करायची वेळ आली की हा मार्ग अपुरा पडतो, हेही मान्य करायला हवे.

'प्रौढांसाठी' या शब्दाचा अर्थ आपण शिवीगाळ आणि नग्नता एवढाच घेतो. या इतिहासातून दुसरा अर्थ निघतो. आपल्याला वाचवायला आकाशातून कोणी येणार नाही आणि जो आला त्यालाही जाब विचारावा लागेल, हे कळण्याचे वय म्हणजे प्रौढ वय.

विचारासाठी प्रश्न

१. बांकेलाल आणि 'सुपरड्यूपरमॅन' यांत नायकपणाची उलटापालट कोणकोणत्या प्रकारे होते? तुलना करा.

२. १९५६ च्या कायद्यातील 'तरुण व्यक्ती'ची वयोमर्यादा आज किती असावी? कारणे द्या.

३. तमाशाची गवळण आणि छापील कॉमिक्स यांत थट्टेला मिळणारी मोकळीक वेगळी का असते?

४. तुमच्या भाषेत 'मावशी'सारखा नात्याचा कोणता शब्द कष्टकरी माणसासाठी वापरतात? त्या व्यक्तीला नायक करून चार चौकटींची कथा लिहा. वाचक कोणावर हसेल, हे आधी ठरवा.